भाड्याचे घर आणि पाळीव प्राणी

भिवंडीत घर भाड्याने घेण्यासाठी गेलेल्या कुटुंबाला घरमालकाकडून विचारले जाणारे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. माणसे किती, कामधंदा कोठे, मूळ गाव कोणते, डिपॉझिट किती देता येईल, ही चौकशी पूर्वापार चालत आली आहे. गेल्या काही वर्षांत तिला आणखी एका प्रश्नाची जोड मिळाली आहे. घरात कुत्रे-मांजर आहे काय, हा तो प्रश्न होय. 'आहे' असे उत्तर आले की बोलणी पुष्कळदा तेथेच थांबतात. आणि ती थांबू नयेत म्हणून 'नाही' असे उत्तर दिले गेले, तर पुढच्या तंट्याचे बी त्याच दिवशी पेरले जाते.

हा तंटा दिसावयास लहान असला तरी त्याचे परिणाम लहान नसतात. लपवून आणलेले मांजर पंधरवड्यात शेजाऱ्यांच्या दृष्टीस पडते. घरमालक महिनाअखेर जागा रिकामी करण्यास सांगतो. मुलांची शाळा सत्राच्या मध्यावर बदलते. नव्या जागेतही तोच आक्षेप निघेल या भीतीने अखेर ते मुके जनावर एखाद्या नाक्यावर किंवा गोदामांच्या वसाहतीत सोडून दिले जाते. अशा प्रसंगी घरमालक व भाडेकरू हे दोघेही कायद्याचे नाव घेतात. जागा आपली असल्याने वाटेल तेव्हा बाहेर काढता येते, अशी एकाची समजूत असते. प्राणी पाळणे हा आपला हक्क असल्याने कोणी ब्र काढू शकत नाही, अशी दुसऱ्याची. या दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत. कायद्याने या प्रश्नाचे बरेचसे उत्तर भाडेकराराच्या कागदावर सोपविलेले आहे आणि नेमका तोच कागद भिवंडीसारख्या शहरात सर्वांत दुर्लक्षित राहिलेला आहे.

शहराची घडण

२०११ च्या जनगणनेनुसार सुमारे सात लाख लोकसंख्या असलेले भिवंडी हे देशातील यंत्रमागाच्या प्रमुख केंद्रांपैकी एक आहे. उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेल्या कारागिरांनी हा व्यवसाय उभा केला. पद्मानगरसारख्या भागात तेलुगू भाषक विणकर कुटुंबांच्या काही पिढ्या नांदल्या आहेत. एकट्याने आलेला कामगार चार-सहा सोबत्यांसह एक खोली घेतो, दिवसपाळी व रातपाळी आलटून पालटून करतो आणि बिशीत जेवतो. कुटुंब आणल्यावर तो खोली बदलतो. शहराबाहेर मुंबई-नाशिक महामार्गाच्या आणि ठाणे रस्त्याच्या बाजूने काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, मानकोली या गावांत गोदामे उभी राहिली. त्यांच्या पाठोपाठ गृहसंकुले आली. अशा प्रकारे एकाच तालुक्यात जुन्या चाळीतील पागडीची खोली, खाजगी मालकाची भाड्याची खोली आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका असे तीन प्रकारचे निवारे शेजारी शेजारी आढळतात. प्रत्येकाचा नियम वेगळा असल्याने एका चाळीत ऐकलेला सल्ला दुसऱ्या इमारतीत लागू पडेलच असे नाही.

पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांचेही तसेच आहे. मांजर सर्वत्र असते. खोलीत वा गोदामात उंदरांचा उपद्रव असल्यामुळे ते पुष्कळदा आपणहून येते आणि मग घरचे होते. कुत्रा पाळणारी कुटुंबे नव्या संकुलांत वाढली आहेत. जुन्या वस्तीत गच्चीवर कबुतरांची खुराडी असतात. बकरी ईदच्या आधी काही दिवस बोकड घरी येतो व तेवढ्यापुरती दारातील जागेवरून कुरबूर होते. पिंजऱ्यातील हिरव्या पोपटाला मात्र घरमालक सहसा हरकत घेत नाही. वास्तविक हरकत घ्यावयास हवी ती येथेच. कारण आपल्याकडील रानपोपट हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित पक्षी असून त्यास पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. तारांकित कासवाचेही तेच. कोणताही भाडेकरार अशा पाळण्याला कायदेशीर करू शकत नाही.

संस्था वेगळी, घरमालक वेगळा

या विषयात सर्वाधिक गोंधळ गृहनिर्माण संस्था आणि घरमालक यांच्यात फरक न केल्याने होतो.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ ही प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० अन्वये स्थापन झालेली वैधानिक संस्था होय. हा अधिनियम संसदेत येण्यामागे प्रख्यात नृत्यांगना व राज्यसभेच्या तत्कालीन सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा मोठा वाटा होता. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी रहिवासी संघटना व सदनिकाधारकांच्या संस्था यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. पाळीव प्राणी ठेवण्यावर संस्थेला सरसकट बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव झाला तरी अशी बंदी वैध ठरत नाही, कुत्रा भुंकतो एवढ्याच कारणावरून त्यास हलविण्याचा आग्रह धरता येत नाही, आणि प्राण्यासह लिफ्ट वापरण्यास मनाई करता येत नाही, असा या सूचनांचा आशय आहे. त्याचबरोबर सामाईक जागेत कुत्र्यास साखळीला धरून नेणे, घाण स्वतः उचलणे आणि शेजाऱ्यांच्या सोयीचा विचार करणे ही पालकाची जबाबदारी असल्याचेही त्यांत नमूद आहे. भाडेकरू हा दुसरा भाग सहसा वाचत नाहीत, आणि संस्थेचे पदाधिकारी पहिला.

२०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने याच दिशेने निर्णय दिला. रहिवाशांना आपल्या सदनिकेत प्राणी ठेवण्यास मनाई करणारे संघटनांचे नियम व फलक बेकायदेशीर असल्याचे त्या न्यायालयाने म्हटले. सदर निर्णय महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नसला तरी युक्तिवादात त्याचा आधार घेता येतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेले अनुच्छेद ५१-क (छ) सर्व नागरिकांना प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगण्याचे कर्तव्य घालून देते, हा या सर्वांमागील आधार होय.

हे सर्व संस्थेविषयी झाले. ज्याच्या मालकीची सदनिका आहे त्या व्यक्तीला आपली जागा कोणत्या अटींवर द्यावी, हे ठरविण्याची मोकळीक आहे. प्राणी पाळणाऱ्या कुटुंबाला जागा दिलीच पाहिजे असे बंधन घालणारा कायदा महाराष्ट्रात नाही. म्हणून घरमालकाची संमती असेल तर संस्थेला भाडेकरूच्या प्राण्यावर बंदी घालता येत नाही. पण घरमालकाची संमती नसेल, तर संस्थेने दिलेल्या मोकळिकीचा भाडेकरूस फारसा उपयोग होत नाही. काल्हेरच्या एखाद्या संकुलात पाळीव कुत्र्यांची संख्या मोठी आहे, तेव्हा आपणही आणण्यास हरकत नाही, असे गृहीत धरून चालणारे भाडेकरू येथेच फसतात. त्या कुत्र्यांचे पालक बहुधा सदनिकांचे मालक असतात.

अकरा महिन्यांचा समज

घरमालकाची संमती कागदावर कशी आणावयाची, हा पुढचा प्रश्न. आज बहुतेक घरे 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे संमती व परवाना या पद्धतीने दिली जातात. हा करार अकरा महिन्यांचा केला म्हणजे त्याची नोंदणी करावी लागत नाही, असा समज सर्वत्र आहे. नोंदणी अधिनियमातील एक वर्षाच्या मर्यादेवरून तो रूढ झाला असावा. महाराष्ट्रात मात्र तो चुकीचा आहे. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी असला पाहिजे व नोंदविला गेला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याच कलमातील आणखी एक तरतूद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली होती याबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. 'मांजर चालेल असे मालक तोंडी म्हणाले होते' असे भाडेकरूने सांगितले, तर ते खोडून काढण्याचा भार घरमालकावर येतो. उलटपक्षी नोंदणीकृत करारात 'पाळीव प्राणी ठेवणार नाही' असे कलम असेल व खाली भाडेकरूची स्वाक्षरी वा अंगठा असेल, तर 'तोंडी परवानगी होती' हे सांगणे जवळजवळ निरुपयोगी ठरते. एजंटाने आणलेल्या छापील नमुन्यात असे कलम पुष्कळदा आधीच असते. इंग्रजीत असलेला तो नमुना वाचून न पाहता सही करण्याची रीत सुशिक्षितांतही आहे, मग रातपाळी करून आलेल्या कामगाराला दोष कसा द्यावा?

खर्चाचा बागुलबुवाही अनाठायी आहे. दरमहा ६,००० रुपये भाडे, ५०,००० रुपये परतीचे डिपॉझिट आणि अकरा महिन्यांची मुदत असा करार धरला, तर एकूण भाडे ६६,००० रुपये होते. त्यात डिपॉझिटवरील दरसाल दहा टक्के मानीव व्याज मिळवून येणाऱ्या रकमेवर पाव टक्का या दराने मुद्रांक शुल्क आकारले जाते. ते दोनशे रुपयांच्या आसपास येते. नोंदणी फी महापालिका क्षेत्रात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन सुविधेमुळे दुय्यम निबंधक कार्यालयात न जाताही हा करार नोंदविता येतो. एजंटाचा मोबदला व किरकोळ शुल्क वेगळे धरले, तरी खोली अचानक सोडावी लागल्यास टेम्पोला जेवढे पैसे लागतील तेवढ्यात हे काम बहुधा होऊन जाते.

करारातील मजकूर

संमती मिळाली की ती 'पाळीव प्राणी चालेल' अशा तीन शब्दांत उरकू नये. कोणता प्राणी, किती, आणि कोणत्या अटींवर, हे स्पष्ट असावे. नमुन्यादाखल पुढील मजकूर उपयोगी पडेल :

"परवानाधारकाच्या कुटुंबासोबत एक पाळीव कुत्रा (नर, देशी, वय सुमारे तीन वर्षे) सदर जागेत राहील, हे मालकास ज्ञात व मान्य आहे. त्याचे रेबीज प्रतिबंधक लसीकरण दरवर्षी करून प्रमाणपत्राची प्रत मालकास देण्यात येईल. जिना, सज्जा, गच्ची व अन्य सामाईक जागेत त्यास साखळीविना सोडले जाणार नाही आणि तेथे झालेली घाण परवानाधारक तत्काळ साफ करील. त्याच्यामुळे जागेची हानी झाल्यास दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च डिपॉझिटमधून वळता करता येईल. तक्रार उद्भवल्यास मालक ती लेखी कळवील व ती दूर करण्यास पंधरा दिवसांची मुदत देईल."

शेवटचे वाक्य भाडेकरूच्या हिताचे आहे आणि घरमालक ते गाळू पाहतो, असा अनुभव येण्याचा संभव आहे. परंतु वाद पहिल्याच दिवशी हमरीतुमरीवर येऊ नये म्हणून ते घरमालकालाही तितकेच उपयोगी आहे. ताबा घेताना दारे, भिंती व फरशी यांची मोबाइलवर छायाचित्रे काढून ती एकमेकांस पाठविल्यास जागा सोडतेवेळी ओरखडे जुने की नवे हा वाद उरत नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

घरमालकांचे आक्षेप सर्वच निराधार असतात असे मुळीच नाही. चाळीतील खोली दहा फूट बाय बारा फूट, संडास सामाईक, पाणी ठरावीक वेळी आणि सज्जा चार फुटांचा. अशा जागेत मोठा कुत्रा आणणे हे शेजाऱ्यांवर व त्या कुत्र्यावरही अन्याय करणारे आहे. येथे एक बाब ध्यानात ठेवावी. भाडेकरूला मिळते ती खोली. सज्जा त्याला मिळत नाही. सज्ज्यात साखळी अडकवून कुत्रा दिवसभर बांधून ठेवणाऱ्याची बाजू करारात कमकुवत होतेच, शिवाय १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे आखूड वा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे, आणि सतत बांधलेल्या कुत्र्यास फिरवून न आणणे, या दोन्ही गोष्टी क्रूरतेत मोडतात.

आवाजाचा आक्षेप भिवंडीत काहीसा निराळा आहे. रात्री मागांचा खडखडाट ऐकणाऱ्या वस्तीला रात्रीच्या भुंकण्याचे विशेष वाटत नाही. तक्रार येते ती दुपारी. कारण रातपाळी करून आलेला शेजारी त्या वेळी झोपलेला असतो. कुत्रा एकटा राहिला की अधिक भुंकतो. त्यामुळे दुपारी घरात कोणी असते काय, याचे उत्तर भाडेकरूने आधीच देणे बरे.

आरोग्याविषयीच्या शंकेला सर्वांत नेमके उत्तर म्हणजे लसीकरणाचे प्रमाणपत्र. पिल्लास सुमारे तीन महिन्यांचे असताना रेबीजची पहिली लस देतात व त्यानंतर दरवर्षी ती टोचून घ्यावयाची असते. मांजरालाही ही लस लागते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नसबंदी केलेला नर कुत्रा भटकण्याकडे व मारामारीकडे कमी वळतो. नसबंदी केलेल्या मांजरीच्या पिल्लांचा प्रश्न उद्भवतच नाही. चावा अगर ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जावे. प्राणी घरचा आहे व लसीकरण झाले आहे म्हणून विलंब लावू नये. पाळीव प्राण्यापासून इतरांच्या जीविताला धोका उत्पन्न होऊ न देण्यात हयगय करणाऱ्यास भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वास, पिसवा व गोचीड यांचा बंदोबस्त पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सहज होतो.

धार्मिक भावनेचा आक्षेप अधिक नाजूक होय. कुत्र्याच्या लाळेचा स्पर्श झालेले भांडे वा कपडा शुद्ध करून घ्यावा लागतो, असे मानणारी मुस्लिम कुटुंबे आहेत. मांजराबाबत त्यांची तशी हरकत नसते. सोवळे पाळणाऱ्या हिंदू घरांत दोन्ही प्राण्यांना देवघराजवळ मज्जाव असतो. मांसाहारी प्राण्याचे खाणे इमारतीत शिजविले जाऊ नये, असाही काही मालकांचा आग्रह दिसतो. कायद्याचे पुस्तक उघडून या भावना बदलत नाहीत. दोन घरांची दारे समोरासमोर असतील तर ती जागा न घेता कोपऱ्याची किंवा तळमजल्याची जागा शोधणे, प्राण्याला शेजाऱ्याच्या उंबऱ्यापासून दूर ठेवणे, एवढ्याने पुष्कळ ठिकाणी गुण्यागोविंदाने राहता येते.

गच्चीवरील कबुतरांचे प्रकरण मात्र भाडेकरूने हट्टाने लढवू नये. गच्ची सामाईक आहे, आणि कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीमुळे फुप्फुसांचा विकार जडू शकतो हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेले आहे. मुंबईतील कबुतरखान्यांवरून २०२५ मध्ये झालेला वाद याच कारणाने विकोपास गेला. भटक्या कुत्र्यांचा प्रश्नही निराळा असून त्यासाठी प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ आणि सर्वोच्च न्यायालयाचे २०२५ मधील आदेश आहेत. रस्त्यावरील कुत्र्यास दारात जेवण घालणारा भाडेकरू त्याचा पालक ठरतो काय, हा वाद घरमालकाशी घालण्यापेक्षा संस्थेने वा नगरसेवकाने ठरवून दिलेल्या जागी खाणे देणे शहाणपणाचे.

जागा रिकामी करून मागता येते काय?

लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपल्यावर परवानाधारकास जागा सोडावीच लागते. न सोडल्यास घरमालक कलम २४ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो व मुदतीनंतरच्या काळासाठी परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. त्यामुळे प्राणी असलेल्या कुटुंबाने नूतनीकरणाची बोलणी मुदत संपण्याच्या दोन महिने आधी सुरू करावीत.

पागडीच्या किंवा जुन्या भाडेकरूची स्थिती पुष्कळच बळकट आहे. त्याला काढण्याची कारणे कलम १६ मध्ये दिलेली आहेत व त्यांत प्राणी पाळणे हे कारण नाही. शेजारच्या रहिवाशांना उपद्रव होईल असे वर्तन हे कारण मात्र आहे. तसेच जागेची नासधूस केल्याचेही. उपद्रव होतो की नाही हे घरमालकाने न्यायालयापुढे पुराव्याने सिद्ध करावयाचे असते. एखाद्या वेळी मांजराने दूध सांडले, यावरून खोली रिकामी होत नाही. पण तीन शेजाऱ्यांनी वर्षभर लेखी तक्रारी केल्या आणि भाडेकरूने एकीचेही उत्तर दिले नाही, तर चित्र बदलते.

दोन्ही प्रकारांत घरमालकाने स्वतःच कुलूप घालणे, सामान बाहेर टाकणे किंवा प्राण्यास पळवून लावणे बेकायदेशीर आहे. भाडेकरूचे पाणी वा वीज तोडण्यास कलम २९ ने मनाई केली आहे. प्राण्यास विष घालणे किंवा जखमी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खालील गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. पूर्वीच्या दंड संहितेत ही शिक्षा प्राण्याची किंमत दहा रुपये की पन्नास रुपये यावर ठरत असे. नव्या संहितेने तो भेद काढून टाकला.

सोडून दिलेला प्राणी

सणासुदीला किंवा मे महिन्यात मुलखाला जाणारी कुटुंबे खोलीला कुलूप लावून मांजर बाहेर सोडून जातात. परत येतो तोवर ते जगेल, असा हिशेब असतो. उपासमार वा तहान यांमुळे हाल होतील अशा स्थितीत प्राण्यास वाजवी कारणाशिवाय टाकून देणे हा कलम ११ खालील गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दहा ते पन्नास रुपये एवढाच दंड असल्याने या तरतुदीचा धाक राहिलेला नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु घरमालकाने जागा सोडण्यास सांगितले, एवढ्यावरून हा दोष पुसला जातो असे समजण्याचे कारण नाही.

सोबत नेण्याची सोय आहे. रेल्वेने कुत्रा गार्डच्या ब्रेकव्हॅनमधील पेटीत नेता येतो. पहिल्या वर्गाचा संपूर्ण कूपे वा कक्ष आरक्षित असल्यास तो सोबतही ठेवता येतो. त्यासाठी पार्सल कार्यालयात वेळेआधी जाऊन नोंद करावी लागते व लसीकरणाचे कागद दाखवावे लागतात. नेणे शक्य नसेल तर शेजाऱ्याकडे दाणापाण्याची रीतसर सोय लावून जावे. शाळांतील शिक्षकांनी सुट्टी लागण्यापूर्वी वर्गात एवढे विचारले, की 'तुमच्या मांजराला सुट्टीत कोण जेवण देणार?', तर उत्तर घरापर्यंत पोहोचते.

दाद कोठे मागावी?

गृहनिर्माण संस्थेने बंदीचा ठराव केला असल्यास प्रथम संस्थेच्या सचिवास लेखी पत्र देऊन ठरावाची प्रत मागावी व मंडळाच्या २०१५ च्या सूचना सोबत जोडाव्यात. उत्तर न आल्यास सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. घरमालक व भाडेकरू यांतील भाडे नियंत्रणाचे दावे भिवंडी येथील दिवाणी न्यायालयात चालतात. तेथवर जाण्याची ऐपत नसलेल्यांना विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत उपलब्ध आहे. दाव्यापूर्वी लोकअदालतीत तडजोडही होऊ शकते. प्राण्याला इजा झाली असेल तर पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी आणि पशुवैद्यकाचा दाखला त्याच दिवशी घ्यावा, कारण पुढे पुरावा म्हणून तोच लागतो.

तालुक्यातील ग्रामपंचायतींच्या हद्दीत, जेथे गोदामांमागून नवी संकुले आली आहेत, तेथे सरपंच व सदस्य यांच्याकडे अशा तक्रारी प्रथम येतात. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतील समित्या जेथे कार्यरत आहेत, तेथे दोन्ही बाजूंना बोलावून तोडगा काढता येतो. समितीपुढे बसण्यापूर्वी सदस्यांनी दोन कागद मागून घ्यावेत : नोंदणीकृत भाडेकरार आणि प्राण्याच्या लसीकरणाचे प्रमाणपत्र. यांपैकी पहिला नसेल तर त्याची नोंदणी करून घेणे हाच तडजोडीचा पहिला भाग करावा, आणि प्राण्याविषयीचे कलम त्याच वेळी लिहून घ्यावे.